जमनाबाईचे शब्द

मी इंदू. फुलसावंगीकडच्या तांड्यातली. आमचे आजे-पणजे बैलाच्या पाठीवर मीठ-धान्य लादून देशोदेश फिरत, बापाच्या वक्तापासून आम्ही वावरात टिकलो, अन् मी तं टिकली थेट यवतमाळले, कॉलेजात, समाजकार्य शिकाले. याडी, म्हणजे माह्यी माय, मले सोडाले आली का एसटी दिसेनाशी होईस्तोवर उभी राह्ये. काय सांगू तुम्हाले, थे दिवस आता पाण्याखाली पाह्यल्यावानी दिसतात, खरे होते का सपन होतं, समजत नाही.

थे कापसाचे वाईट सालं होते. गावोगाव माणसं जीव देऊन राह्यले होते, अन् मांगून इचारणारे येऊन राह्यले होते, पेपरवाले, समितीवाले, आमच्यासारखे शिकणारे पोट्टे. मी बी प्रबंधाले तोच विषय घेतला, मांग राह्यलेल्या बायायचा. आमच्याच तांड्यात जमनाबाई होती, तिचा माणूस पराटीतच, कापसाच्या उभ्या पिकात, जीव देऊन गेलता. मी तिच्या ओट्यावर जाऊन बसली, अन् थे सांगू लागली, आमच्या गोरबोलीत नाही, मराठीत. म्हणे, पराटी अशी फुटली होती का आभाळ खाली निजलं वाटे, अन् त्या पांढऱ्यात त्याचं लाल पागोटं तेवढं दिसे, मी हाक मारली तं थे हाललं नाही. मी ऐकतच राह्यली, ऐकतच राह्यली. जसंच्या तसं उतरवलं.

प्रबंध देल्ला, अन् एक दिवस बोलावणं आलं. वाङ्मयचौर्य. हा शब्दच मी पयल्यांदा ऐकला. परीक्षक म्हणे, हे पान तुह्या प्रबंधाच्या आंधी छापलेल्या एका पुस्तकात शब्दन् शब्द हाय. मले दाखवलं. होतं बाप्पा! आभाळ बी, पागोटं बी. प्रबंध रद्द, अन् दोन वर्सं परीक्षेले बसाचं नाही. थे पुस्तक मी कधी पाह्यलंच नव्हतं, पण मानते कोण? आमचे सर म्हणे, विद्यापीठाकडे अपील कर, पण पुरावा काय देशील?

मी तांड्यात गेली. जमनाबाई चूल पेटवून राह्यली होती. इचारलं, तू पुस्तकवाल्याले बी हेच सांगतलं काय? हाव म्हणे, साऱ्यायले हेच सांगते, आलेल्याले रडू येते, थो उठून जाते, मंग मी सैपाकाले लागते. मले हसू बी आलं अन् रडू बी. म्हणलं, येशील माह्यासंगं? तिनं पेटीतून नवी ओढणी काढली.

अपील टाकलं, तारीख आली. विद्यापीठात लांब टेबल, तिकून साहेब लोकं, अन् एक मॅडम. मॅडम म्हणे, बाई, तुम्ही हिले काय सांगतलं थे एकदा सांगा ना. जमनाबाई बोलू लागली, पण थे गोरबोलीत बोलत होती, अन् भलतंच बोलत होती. माणूस सपनात येते म्हणे, लादलेल्या बैलायसंगं पुढं पुढं चालते, घुंगरं वाजतात, मांग वळून पाहात नाही, अन् मी हाक मारत नाही, मले न सांगता काहून गेला म्हणून राग हाय माह्या मनात. आभाळ नाही, पागोटं नाही. मंग माह्याकडे पाहून म्हणे, छोरी, हे कागदावर नको.

मॅडमनं मले इचारलं, काय म्हणतात ह्या? आता सांगतलं तं तिचं जाते, नाही सांगतलं तं माह्यं. मी म्हणलं, मॅडम, हे तिचं हाय, मले सांगता येत नाही. एक साहेब म्हणे, मंग आम्ही काय समजाचं? तवा जमनाबाईच मराठीत बोलली. पुस्तकातलं माह्यंच हाय म्हणे, त्याले मीच देल्लं, हिले बी मीच देल्लं, दारात येणाऱ्या हरेकाले नवीन दुःख कुठून आणू?

पुढं निकाल आला. चोरीचा ठपका काढला, बंदी उठवली, पण थ्या पानाखाली पुस्तकाचं नाव टाक म्हणे. म्हणजे ओट्यावर बसून माह्या कानानं ऐकलेलं, थे मी पुस्तकातून घेतलं असं लिहाचं. वर्स तं गेलंच होतं. तरी लिहून देल्लं, अन् डिग्री घेतली.

आता मी झरी जामणीकडे पोरीयच्या वसतिगृहावर हाय. जमनाबाई मागच्या साली गेली. जाच्या आंधी म्हणे, माहा राग गेला छोरी, आता सांगशील तं सांग. म्हणून तुम्हाले सांगतलं. इकडे सकाळी जंगलातून धुकं उतरते, पोरी ओसरीत बसून कोलामीत, गोंडीत गुलूगुलू बोलत राह्यतात, अर्धं मले समजत नाही. मी इचारत बी नाही, नुसत्या वेण्या घालून देते. सुखात राहो साऱ्या. तुम्ही बी राहा.