उमरेडचा कंट्री क्लब

येत्या रविवारी मला धरू नका, मी कंट्री क्लबला चाललोय. हसू नका, ऐका.

एकदा साहेबांनी आम्हा दोघांना नागपूरबाहेरच्या कंट्री क्लबात जेवायला बोलावलं. आमच्याकडे कंट्री म्हणजे देशी दारू. सुनंदा उखडलीच.

"अवो, बायकोले कंट्री प्यायले नेता?"

"अगं, तसं नाही. शहराबाहेर, झाडाखाली बसायचं, गप्पा मारायच्या, जेवायचं."

"मंग उमरेडले माह्या बाबाच्या अंगणात आपण काय करतो?"

तेव्हापासून सासुरवाडीला जाणं म्हणजे क्लबला जाणं. सासरेही तसंच म्हणायचे.

सुनंदा गेली आणि माझं उमरेड सुटलं. काल सासऱ्यांचा फोन आला.

"जावईबापू, मेंबर एकच कमी झाली. तुम्ही क्लब काहून बंद करून राहिले?"