कोमट आइस्क्रीम

हसा, हसा! आइस्क्रीमवाल्याच्याच दातांना गार सोसत नाही म्हटल्यावर तुम्ही हसणारच... पण तुम्हाला सांगतो, सहा महिने, अहो सहा महिने, चमचा दाताला टेकला की कळ निघायची ती थेट मेंदूत! आणि आमच्याकडे रिवाज काय, तर डबा भरला की आधी मी चाखायचं, मगच तो दुकानात. मग करणार काय? चमचाभर वाटीत काढायचं, विरघळू द्यायचं, पार कोमट झालं की चाखायचं. आणि काय गोड लागायचं हो! घशाखाली उतरेना! म्हणून दुसऱ्या दिवशी साखर कमी. तरी गोडच. आणखी कमी. आता मला सांगा, यात माझं काय चुकलं?

शेवटी बायकोने मला त्या कोमट वाटीसकट पकडलं आणि उचलून दातांच्या डॉक्टरिणीकडे नेलं. पोर आमच्या धाकटीच्या वयाची! “काका, आ करा... अहो, ओरडताय काय, मी अजून हातमोजेच घालतेय!” म्हणाली, दातांना फ्लोराइडचं व्हार्निश लावू, कळ थांबेल. मी म्हटलं, बाई, मी काय कपाट आहे? पण तिने चिमुकल्या ब्रशने चिकट, पिवळट असं काहीतरी दातांना फासलं. “चार तास कडक नको, गरम नको, आज दात घासायचे नाहीत!” आता मला सांगा, चहाशिवाय चार तास... माणसाने जगायचं कसं?

असं तीनदा झालं. परवा मी चमचा घेतला, डोळे मिटले, एका हाताने टेबल घट्ट धरलं, आणि घातला तोंडात... काही नाही! कळच नाही! नाचलो हो मी, एप्रनसकट! आणि चव? अहाहा! बायकोला हाक मारली, “बघ, याला म्हणतात माझं माप!”

ती शांतपणे म्हणाली, “तुमच्या मापाने लोक नुसता बर्फ चाटत बसले असते. गार खाल्लं की गोडी कमी लागते, एवढं कळू नये? चार महिने तुमची पाठ वळली की मी दुधात साखर टाकतेय!”

आता मला सांगा... नाही, नकोच. राहू द्या.

दात ठणठणीत आहेत. चाखायचा चमचा मात्र बायकोकडे गेला तो गेलाच. मला आइस्क्रीम हवं असेल तर गिऱ्हाइकांच्या रांगेत उभं राहायचं, असं ठरलंय... आणि खोटं कशाला बोलू, रोज दोनदा उभा राहतो!