ब्लेकली हाऊसचं पुढचं दार

आणि माणसाने चालायचंच नाही म्हणजे काय हो? तुम्हाला सांगतो, हॅदरटन स्टेशनवर उतरलो तेव्हा अडीच वाजलेले. ब्लेकली हाऊस, म्हणजे श्रीमंतांचा जुना वाडा, आता लोकांना आतून फिरवून दाखवतात; त्याची शेवटची फेरी तीनला, मग दुरुस्तीसाठी घर चार वर्षं बंद, आणि माझी आई ब्याण्णव वर्षांची! तिनं फिलाडेल्फियाहून निघतानाच बजावलेलं, "डेक्लन, तुझ्या आजीने एकतीस वर्षं त्या घरातल्या कपड्यांना इस्त्री केली, पण आत गेली ती कायम मागच्या दाराने. तू पुढच्या दाराने जा. आणि मला फोटो आण!" रस्त्याचं काय, नोरा आजीचा शब्द आमच्या घरात सगळ्यांना पाठ... स्टेशनपासून सात मिनिटं!

सात मिनिटं! निघालो. फुटपाथ? नाहीच! हिरवळीच्या कडेकडेने चालायचं... आणि काय ती घरं, काय ते ओक! एकेक बुंधा तिघांच्या कवेत मावायचा नाही. मी आ वासून उभा. याच झाडांखालून ती जायची, बर्फातसुद्धा, आयर्लंडहून आलेली सतरा वर्षांची पोर... तेवढ्यात करकचून ब्रेक. खिडकीतून एक बाई, "गाडी बंद पडली का हो?" "नाही, चालतोय." "अगंबाई! का?" हात हलवून पुढे निघालो. दहा पावलांवर दुसरी गाडी. "बसा, सोडतो!" "नको." "डॉक्टरांनी सांगितलंय का चालायला?" तिसरा बिचारा पाण्याची बाटलीच हातात कोंबून गेला. माणसं चांगली हो, पण सात मिनिटं!

मग आले पोलीस. दिवे लावून! तरुण पोलीसबाई उतरली. "आजोबा, फोन आला होता. कुणीतरी म्हातारा घरांकडे बघत बघत पायी चाललाय म्हणे." म्हटलं, "बाई, घर बघायलाच आलोय!" सगळी कहाणी सांगितली. ती विरघळली. "चला, बसा गाडीत." "छे! आजी चालत जायची, मीही चालणार." "बरं बाबा, चाला." आणि आली की मागोमाग, मुंगीच्या पावलांनी, दिवे लुकलुकवत... वरातच निघाली माझी! घराघरांतले पडदे हलायला लागले.

पोहोचलो, तीन वाजून बारा मिनिटं. पुढचं दार बंद. घंटा वाजवली, तर घर दाखवणाऱ्या बाई खिडकीतून, "फेरी सुरू झाली. उशिरा आलेल्यांनी मागून, स्वयंपाकघरातून यायचं." "अहो, नुसतं उंबऱ्यावर उभं..." "नियम म्हणजे नियम!" पोलीसबाईने रदबदली केली, तर तिलाही तेच!

गेलो मागे, धुसफुसत. तीन दगडी पायऱ्या. आणि... अहो, पाय थबकलाच. प्रत्येक पायरीच्या मधोमध खळगा. दगड झिजलेला, पावलांनी! एकट्या आजीच्या नसतील, कबूल. पण पाऊल ठेवलं आणि ते बरोब्बर बसलं हो! अंगावर सर्रकन काटा आला. फोटो पोलीसबाईनेच काढला. नंतर आत झुंबरं दाखवली, संगमरवरी जिना दाखवला... मला कशाचंच काही वाटेना.

संध्याकाळी फोटो आईच्या हातात दिला. म्हटलं, "आई, पुढचं दार नाही जमलं." ती त्या खळग्यावरून बोट फिरवत बसली, कितीतरी वेळ... डोळे भरलेले. मग नाक पुसून विचारते, "किती वेळ लागला रे?"

"बेचाळीस मिनिटं."

"सात मिनिटांचा रस्ता आहे तो!" आणि चष्म्यावरून बघत, "आत जाताना पाय तरी पुसलेस ना?"

आता बोला... नव्हते हो पुसले!