गालातली हवा

मंडळी, जरा सरकून बसा, मागच्यांनाही देव दिसू द्या! आणि ते मोबाइल खिशात. देव काही फोन करून येत नाही.

आज पूर्वरंगात आपण मनाच्या निग्रहाचं बोललो. माना हलवल्यात, छान! आता मी एक प्रश्न टाकतो. पन्नास रुपयांत माणूस सुधारतो का हो? हसताय? पन्नास रुपयांत हल्ली धड भेळ येत नाही, आणि बुवा माणूस सुधारायला निघालेत! पण मी सांगतो, एका गावात हे झालं. पन्नासच्या नोटेनं किती काम केलं आणि बाकीचं कुणी केलं, ते तुम्हीच ठरवा.

तर ऐका. कोंडोली नावाचं गाव. गावात सिद्धनाथाचं देऊळ, आणि देवळात मार्तंड गुरव. सनईवाले! पहाटे देवाला उठवायचं ते ह्यांच्या सनईनं. बापानं उठवलं, आज्यानं उठवलं, आता हे. आणि सनई कशी? एकदा सूर लावला की तुटायचा नाही. तुम्ही म्हणाल, मधे श्वास घेत नाहीत की काय? घेतात! गालात हवा साठवायची, ती सनईत सोडता सोडता नाकानं नवा श्वास आत ओढायचा. पेटीवाले, तुम्हाला जमेल? — राहू द्या, पेटीच वाजवा तुम्ही.

मार्तंडनानांचं सगळं सोन्यासारखं. फक्त एक — दारू! सकाळी सहाला आरती संपली की संध्याकाळच्या नौबतीपर्यंत माणूस मोकळा. दुपारी चार वाजले की पाय आपोआप गुत्त्याकडं. आणि लग्नसराईत, वराती वाजवताना, तर बोलायलाच नको.

एके दिवशी काय झालं! पहाटेची वेळ, पुजारी गाभाऱ्यात, बायका काकडा घेऊन उभ्या. नानांनी सनई लावली तोंडाला आणि वाजवलं काय? वरातीचं गाणं! अहो, देव उठायचा तो घोड्यावर बसायचा! दोन म्हाताऱ्या तर ठेका धरायला लागल्या.

देवस्थानचे अध्यक्ष अण्णा इनामदार. मिशीवाला माणूस, शिस्तीचा. त्यांनी पंचांसमोर सांगितलं, "मार्तंडा, बस्स झालं. बाजारात विजेचा नगारा मिळतो. बटण दाबलं की नगारा, झांज, घंटा, सगळं वाजतं. आणि तो पीत नाही!"

तीन पिढ्यांची सनई एका बटणावर जाणार!

"चैत्रातल्या यात्रेपर्यंत मुदत देतो," अण्णा म्हणाले. "सरकारी दवाखान्यात दारू सोडवायची योजना आलीय. तिथून शून्याच्या सलग आठ चिठ्ठ्या आण. नाहीतर नगारा आला म्हणून समज."

आता ही योजना काय? तर दर सोमवारी आणि गुरुवारी दवाखान्यात जायचं. तिथं एक यंत्र, त्यात नळी, नळीत फुंकायचं. गाववाल्यांनी त्याचं नाव ठेवलं फुंकणी! प्यायला असाल तर फुंकणी आकडा दाखवणार. प्यायला नसाल तर शून्य. शून्य आलं की एक चिठ्ठी आणि पन्नासची एक नोट हातात. आणि आकडा आला तर? ओरडा नाही, टोमणा नाही. नोटही नाही. एक कप चहा, आणि समोर बसून बोलायचं, नसीमताईंशी.

नसीम मुलाणी. समुपदेशक म्हणतात अशा बाईंना. वय तिशीचं, आवाज मऊ, नजर पक्की. पहिल्याच दिवशी विचारलं, "नाना, प्यावीशी कधी वाटते?"

"मला? छे, छे! मी कुठं पितो?"

"बरं. मग फुंका."

आणि मंडळी, नानांनी फुंकलं. दुपारी पिऊन आलेला माणूस — फुंकणीत शून्य!

कसं? अहो, सनईवाला तो! चूळ भरली, गाल फुगवले आणि फक्त गालातली हवा सोडली. छातीतली छातीतच! बिचारं यंत्र, त्याला काय कळणार!

आठवड्यात दोनदा शून्य. नोट आणि चिठ्ठी घ्यायची, घरी जायचं, हौसाबाईच्या हातात नोट ठेवायची. हौसाबाई म्हणजे नानांची बायको. ती नोट घ्यायची, नाक जरा वर करून नवऱ्याकडं बघायची आणि डब्यात ठेवायची. आठ शून्यं झाली, अण्णा खूश! नगारा रद्द! अकरा शून्यं झाली. नाना तर म्हणायला लागले, सरकार असंच राहो!

आणि बाराव्या वेळेला हौसाबाई म्हणाल्या, "आज मीबी येते."

आल्या, बसल्या, नानांनी गाल फुगवले, आणि हौसाबाई उठून उभी! "अवो ताई, ही गालातली हवा हाय! तीस वर्षं ह्यांची सनई ऐकतीया मी, मला ठावं न्हाई व्हय? छातीतली मागा की!"

अशी पकडली, मंडळी! पोलीसही नाही पकडणार असं.

हौसाबाईंनी पदराखालून डबा काढला, टेबलावर ठेवला. "ह्या अकरा नोटा. एकबी मोडली न्हाई. खोट्याचं मीठ नको मला." आणि मग तिचा आवाज फुटला. "मला पैसं नकोत ताई, मला हे हवंत."

नानांची मान खाली. वाटलं, आता हाकलणार. नसीमताईंनी काय केलं? चहा मागवला! तीन कप.

"नाना, एक विचारू? गालातली हवा किती वेळ पुरते?"

"नाकानं दम घेईस्तवर. एक पळभर."

"आणि मग?"

"मग छातीतनंच आणावी लागती."

"मग आज आणा."

आणली. फुंकणीनं असा आकडा दाखवला की शेजारची नर्स बघायला आली! पण मंडळी, त्या दिवशी तो माणूस पहिल्यांदा बोलला. चार वाजता हात रिकामे होतात, म्हणाला. घरात कुणी बोलत नाही. सकाळी सूर लागला नाही की भीती वाटते, बापाचा सूर माझ्या हातून जाईल की काय. आणि भीती वाटली की पितो. प्यालो की सूर जातो!

तासभर बोलले. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, दारू एकदम सोडायची नाही, आम्ही सांगू तशी कमी करायची, म्हणाले. चार वाजता काय करायचं तेही नानांनीच ठरवलं. सनईच्या पत्त्या, तोंडात धरून फुंकायच्या त्या, घरी बनवायच्या, हौसाबाईंसमोर बसून. ताई म्हणाल्या, "इथलं बोलणं इथंच राहील. अण्णांना मी काही सांगणार नाही."

म्हणजे बघा हं! नाना आता गप्प बसले तरी सुटले होते. अण्णांकडं आठ चिठ्ठ्या जमा, नगारा रद्द. कुणाला कळत होतं?

पुढच्या वेळी आकडा कमी. त्याच्या पुढं आणखी कमी. मग एका गुरुवारी शून्य! छातीतलं! ती पन्नासची नोट हातात घेतली आणि नाना दवाखान्याच्या पायरीवर बसून लहान पोरासारखे रडले. अहो, आधीच्या अकरा नोटांनी असं कधी रडवलं नव्हतं.

सहा खरी शून्यं झाली. आणि सातव्या वेळेला फुंकणीनं आकडा दाखवला. नोट नाही. चहा. ताईंनी एवढंच विचारलं, "कुठं झालं, नाना?" नानांनी सांगितलं. काय सांगितलं, ते आता कळेल तुम्हाला.

यात्रेचा पहिला दिवस. सभामंडप भरलेला. अण्णा माइकवर! "आपल्या मार्तंडानं आठ शून्यं आणली, दारूवर मात केली, म्हणून देवस्थानतर्फे सत्कार!" शाल आली, श्रीफळ आलं. शाल खांद्यावर पडणार, तेवढ्यात नाना म्हणाले,

"थांबा अण्णा. त्या आठी चिठ्ठ्या खोट्या हायेत."

नानांनी शाल हातानं मागं सारली.

"गालातली हवा फुंकली मी. त्याच्यानंतरची सहा शून्यं खरी. सातव्याला चुकलो. नगारा आणायचा तर आणा, पर देवाच्या दारात खोटी शाल नको."

अण्णांची मिशी थरथरली. "चुकलास? यात्रा तोंडावर आली आणि चुकलास? कुठं ढोसलीस?"

नाना हळूच म्हणाले, "तुमच्या लेकीच्या लग्नात, अण्णा. वरातीआधी तुम्हीच मानाची बाटली हातात दिली. मी न्हाई म्हनलो, तर तुम्ही म्हनला, वाजंत्र्यानं मालकाचा मान मोडू नये."

अण्णा उभे. हातातली शाल तशीच. मग त्यांनी माइक बाजूला सारला आणि म्हणाले, "उद्या पहाटे सनई लाव, मार्तंडा. गुन्हेगार तू एकटा नाहीस."

दुसऱ्या दिवशी पहाटे सनई वाजली. छातीतून!

आता सांगा, पन्नास रुपयांत माणूस सुधारला का? अण्णांच्या धाकानं आला, पण नोटेनं त्याला दवाखान्यात येत ठेवलं, हे खरं. नोट नसती तर आठ चिठ्ठ्यांनंतर तो पुन्हा पायरी चढला नसता, म्हणून नोटेला हसू नका. पण आत बसवून घेतलं ते ताईच्या बोलण्यानं आणि बायकोच्या रडण्यानं. आणि मंडळी, ह्या दोघींनी मिळून जे उभं केलं, ते पाडायला काय लागलं? एक मान! एक बाटली!

हसत होतात ना मघापासून? आता जरा माझ्याकडं बघा. सरपंच, पुढच्या आठवड्यात तुमच्याकडं लग्न आहे. बँडवाले येतील, हलगीवाले येतील, उन्हात उभे राहून तुमची वरात वाजवतील. त्यांच्या हातात तुम्ही काय ठेवणार? आणि मागच्या रांगेतले तुम्ही, पूजेला, बारशाला, जत्रेला, काय ठेवता हो?

ज्यांच्या घरून यापुढं मानाची बाटली जाणार नाही, त्यांनी हात वर करा.

…एवढेच?

चालेल. मला घाई नाही. पेटीवाले, सूर धरून ठेवा. सगळे हात वर येईपर्यंत आज आरती होणार नाही.