क्लीनर साइड

टायरवाला : पुन्हा सांगतो काका, एकाच बाजूचे दोन टायर कोणी बदलत नाही. बदलायचे तर पुढची जोडी, नाहीतर मागची जोडी, नाहीतर चारही. गाडी एका अंगाला ओढेल.

बाबा : अरे पण जे गेले तेच बदलायचे ना? पलीकडच्या बाजूचे दोन धडधाकट आहेत. त्यांनी काय पाप केलंय?

मुलगी : बाबा, ते वीस वर्षं टायर विकतायत. त्यांना कळत असेल.

बाबा : आणि मी तीस वर्षं पिकअप चालवतोय. तू बस बघू त्या स्टुलावर, ठमाबाई. अर्धी रजा टाकून आलीयस, आराम कर.

मुलगी : आराम करायला टायरच्या दुकानात येतं का कोणी? परवा भर रस्त्यात टायर फुटला आणि ते मला फोनवर परक्या माणसाकडून कळलं. म्हणून आलेय.

बाबा : फुटला नाही. बसला. हळूच.

टायरवाला : याला हळूच म्हणता? ताई, जरा इकडे या. ही नक्षी बघा. बोट घालून बघा, खोल आहे ना?

मुलगी : आहे की. नव्यासारखीच वाटतेय.

टायरवाला : निम्मीसुद्धा झिजलेली नाही. झिजणार कशी? गाडीत गाद्या. कापसाच्या ओझ्यानं कुठे टायर झिजतो? माझ्याकडे विटांच्या गाड्या येतात, त्यांचे टायर बघा, नुसते गोटे होऊन येतात. काकांची गाडी म्हणजे आमच्या धंद्याला शाप.

बाबा : बघ. चांगलं चालवतो म्हणतोय तो.

टायरवाला : तेवढं नाही म्हटलं मी. आता टायरची ही बाजू बघा, ही उभी भिंत. पट्टी काढावी तशी सोललीय. पुढचा तसाच, मागचा तसाच. हा तर चिरून आतल्या तारा बाहेर आल्यात. आणि फक्त क्लीनर साइडचे.

मुलगी : क्लीनर साइड म्हणजे?

टायरवाला : ड्रायव्हर बसतो ती ड्रायव्हर साइड. पलीकडे क्लीनर बसतो ती क्लीनर साइड. आमच्यात डावं-उजवं म्हणत नाहीत. माणूस गाडीसमोर उभा राहून डावं म्हणतो, आणि आम्ही चांगला टायर उतरवून बसतो.

मुलगी : पण आमच्या गाडीवर क्लीनर कधीच नव्हता.

बाबा : ए, तू टायर दाखव रे. गप्पा नंतर मार. जाड भिंतीचा दाखव. घासला तरी फुटणार नाही असा.

टायरवाला : हा आहे ना. आठ प्लायचा, म्हणजे आठ थरांचा, दगडावरून न्या, काही होत नाही. पण जड गाड्यांसाठी आहे. तुमच्या गाद्यांच्या गाडीला लावलात तर हाडं खिळखिळी होतील. त्यापेक्षा हा घ्या. मऊ आहे, ओल्या रस्त्यावर धरून राहतो, ब्रेक पटकन लागतो.

बाबा : याची भिंत?

टायरवाला : नेहमीसारखी.

बाबा : मग नको. तो जाडाच दे.

टायरवाला : काका, घासणारच आहोत असं धरून कोणी टायर घेतं का?

मुलगी : घासतो कशाला पण? बाबा?

बाबा : फूटपाथ उंच केलेत सगळीकडे. कोणी सांगितलं होतं त्यांना? जरा कडेला घेतली गाडी की कडा लागते.

टायरवाला : त्याच फूटपाथांवरून गाव फिरतंय काका. माझ्या दुकानात रोज दहा गाड्या येतात.

बाबा : त्यांना गाद्या पोचवायला गल्लीबोळांत जावं लागत नाही.

टायरवाला : गल्लीबोळ तुम्हाला आज का नवीन आहेत? हे टायर मीच बसवलेत, दोन वर्षांपूर्वी. मागच्या वर्षी पंक्चर काढायला आलात तेव्हा एक ओरखडा नव्हता. मला आठवतंय, काकू होत्या सोबत. त्याच म्हणाल्या, जरा चारही बघून घ्या. काकू नाही आल्या आज?

मुलगी : आई गेली. आठ महिने झाले.

टायरवाला : अरे देवा. माफ करा, ताई. मला खरंच माहीत नव्हतं. काका, बोलला नाहीत तुम्ही.

बाबा : काय बोलायचं? तू टायर बघ.

टायरवाला : कशानं?

मुलगी : हृदय. झोपेतच. सहा वर्षं ती या गाडीत बसून गावभर फिरली, उन्हातान्हात. मी डोकं आपटत होते, तिला या वयात कशाला दामटवता? यांचं एकच, तिला आवडतं. शिवणकामाचे वर्ग चालवायची ती, तेही बंद केले.

बाबा : तो विषय इथे नको.

मुलगी : इथे नको, घरी नको. कुठे मग?

टायरवाला : चहा सांगतो मी. थांबा.

मुलगी : मीच आणते समोरून. तुम्ही यांच्याकडून टायर ठरवून घ्या.

टायरवाला : काका, ताईंच्या देखत बोललो नाही. काकू खिडकीतून मान काढून गाडी मागे घ्यायला सांगायच्या, आठवतं? येऊ दे, येऊ दे, बस. आम्ही दुकानात हसायचो, काकांची गाडी डिझेलवर नाही, काकूंच्या आवाजावर चालते.

बाबा : हसत होतात होय?

टायरवाला : चांगल्या मनानं. आज हे टायर बघून हसू येत नाहीये.

बाबा : तू टायर विकतोस ना? मग टायर विक. डॉक्टर होऊ नकोस.

टायरवाला : डॉक्टर? मी डॉक्टरचं नावही घेतलं नाही.

मुलगी : काय चाललंय? भांडताय की काय? ठरला का टायर?

बाबा : हा नुसता घोळ घालतोय. आठ प्लायचेच दोन दे, नाहीतर मी दुसरीकडे जातो. आणि तू चहा आणायला गेली होतीस ना? एवढा वेळ लागतो?

मुलगी : चहा?

बाबा : हो, चहा. काय झालं? असं काय बघताय दोघं?

मुलगी : बाबा, चहा मी आल्याबरोबर ठेवलाय. तुमच्या हाताशी. त्या टायरवर.

बाबा : कुठे?

मुलगी : डाव्या हाताला. वाफ येतेय त्याची.

बाबा : हां. दिसला. मी बोलण्यात होतो.

मुलगी : तुम्हाला मान पूर्ण वळवावी लागली. बाबा, समोर बघा. माझ्याकडे बघा, मान हलवू नका. माझा हात दिसतोय?

बाबा : काय पोरखेळ लावलायस दुकानात!

मुलगी : दिसतोय का?

बाबा : नाही.

मुलगी : आता?

बाबा : नाही.

मुलगी : आता?

बाबा : ठमे, पुरे. त्या बाजूचं नाही दिसत. नाही दिसत मला. झालं समाधान?

मुलगी : कधीपासून?

बाबा : सहा वर्षं होऊन गेली. काचबिंदू. डॉक्टर म्हणाले, गेलेली नजर परत येत नाही, आहे ती थेंब घालून टिकवायची. थेंब घालतो मी. रोज. चुकवत नाही.

मुलगी : सहा वर्षं. म्हणजे आई गाडीत बसायला लागली तेव्हा.

बाबा : हो.

मुलगी : आणि तुम्ही मला सांगितलं, तिला फिरायला आवडतं.

बाबा : तिनंच सांगितलं तसं सांगायला. दवाखान्यातून बाहेर पडलो आणि मी किल्ली तिच्या हातात दिली. म्हटलं, संपलं, उद्यापासून घरी. तिनं किल्ली परत दिली आणि पलीकडे जाऊन बसली. म्हणाली, तिकडचं मी बघते, तुम्ही समोरचं बघा. पोरीला कळलं तर ती काळजीनं अर्धी होईल.

मुलगी : मी तुमच्याशी वर्षभर धड बोलले नाही यावरून.

बाबा : माहीत आहे.

मुलगी : तिच्या तेराव्या दिवशी मी तुम्हाला म्हटलं, तुम्ही तिला राबवून मारलं. तेव्हा तरी सांगायचं होतंत!

बाबा : काय सांगणार होतो? खोटं कुठे होतं त्यात? माझ्यासाठीच बसत होती ती.

टायरवाला : काका, चहा घ्या. गार होतोय.

बाबा : बोलायची खूप. सायकल आहे, खड्डा आहे, म्हातारी उतरतेय, थोडं आत घ्या. दिवसभर. कधीकधी मी वैतागायचो, म्हणायचो, कळतंय गं, आंधळा नाही मी. मग गप्प बसायची. दोन मिनिटं. पुन्हा सुरू.

मुलगी : डावीकडे आरसा आहे की गाडीला.

बाबा : आरसा बघायचा तर सगळी मान वळवावी लागते. तेवढ्यात समोरचं जातं.

मुलगी : परवा नक्की काय झालं? टायर कसा फुटला?

बाबा : सांगितलं ना.

मुलगी : बाबा.

बाबा : फूटपाथवर चढली गाडी. बसथांब्यापाशी.

मुलगी : माणसं होती?

बाबा : होती. एका बाईनं पोराला मागे ओढलं. मला पोर दिसलंच नाही. तिची किंकाळी ऐकू आली म्हणून ब्रेक मारला. उतरून बघितलं तर पोराची चप्पल चाकापाशी पडलेली. पोर बरं होतं. रडत होतं, पण बरं होतं. ती बाई चप्पल उचलून त्याच्या पायात घालत राहिली. मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मुलगी : आणि तरी तुम्ही आज इथे जाड भिंतीचे टायर मागताय.

बाबा : मग काय करू? तू सांग ना. उद्या सकाळी वसतिगृहात अकरा गाद्या पोचवायच्यात. माझी गाडी आहे म्हणून कारखाना मला काम देतो. नुसता मी, गाडीशिवाय, कोणाला हवाय? घरात बसून काय करू? भिंती थोड्याच सांगणार आहेत, थोडं आत घ्या म्हणून?

मुलगी : मी नाही रोज बसू शकत तुमच्या शेजारी.

बाबा : मी म्हटलं का तसं?

मुलगी : मला नोकरी आहे, पोरांची शाळा आहे. एक दिवस येईन, दोन दिवस येईन. मग? आईसारखं मला नाही जमणार, बाबा. मला खूप वाटलं तरी नाही जमणार.

बाबा : नकोच तू. तिनं केलं तेच चुकलं.

टायरवाला : ताई, लहान तोंडी मोठा घास. टायर मी बसवतो, माझं कामच आहे. पण काम झाल्यावर किल्ली काकांच्या हातात द्यायला माझा हात धजावणार नाही. आता कळल्यावर नाही.

मुलगी : किल्ली माझ्याकडे द्या. मी चालवते.

बाबा : तू? तुझ्या त्या डबीएवढ्या कारवर शिकलेली तू ही गाडी नेणार?

मुलगी : गिअर तेच असतात ना?

बाबा : क्लच जड आहे. पहिला गिअर दोनदा टाकावा लागतो. बंद पडेल चौकात.

मुलगी : पडू दे. मागचे हॉर्न मारतील, मारू देत.

टायरवाला : मग टायर कुठले बसवू?

मुलगी : मऊ होते ना, ब्रेक पटकन लागणारे? ते बसवा. चारही.

बाबा : चारही कशाला? घरापर्यंत तर न्यायचीये. उद्या कोण चालवणार आहे ती?

मुलगी : माहीत नाही.

बाबा : आणि अकरा गाद्या?

मुलगी : मला खरंच माहीत नाही, बाबा. तुम्हाला माहीत आहे?

बाबा : नाही.

टायरवाला : तासभर लागेल. बसा तुम्ही.

[चारही टायर बसले आहेत. मुलगी ड्रायव्हरच्या जागेवर बसून सीट पुढे ओढते आहे. बाबा गाडीला वळसा घालून पलीकडच्या दाराशी उभे आहेत.]

मुलगी : बसा ना, बाबा. मागे गाडी आलीय.

बाबा : दार उघड.

मुलगी : उघडंच आहे. ओढा.

बाबा : बाहेरून नाही उघडत ते. कधीचं बिघडलंय. ड्रायव्हरनं आतून हात लांब करायचा असतो.

मुलगी : मग आई रोज काय करायची?

बाबा : इथेच उभी राहायची. मी उघडेपर्यंत.