कावळ्याला तबकडीतलं काय कळतं

न्हाई पण मी म्हंतो राव, कावळ्याला तबकडीतलं काय कळतं? आमच्या शीलाला, म्हंजे आमच्या मंडळींना, सारा जलम कळलं न्हाई... आता साधी तबकडी आसती तर गोष्ट येगळी, पर मी जुन्या ग्रामोफोनच्या ज्या जमवतो त्या सगळ्या वाकड्या चालीच्या. एक आतनं बाहेर वाजत येती. एकीची शेवटची रेघ गोल मिटलेली, सुई उचलंपर्यंत आतली बाई हसतच ऱ्हाती. आन् एकीवर, तुमाला सांगतो, दोन रेघा शेजारी-शेजारी कोरल्यात, सुई तिथंच ठेवा, कधी गाणं लागंल, कधी सासू-सुनंचं भांडण. काय लागंल ते ठेवणाऱ्याच्या हातात न्हाई. शीला भाकरी थापता थापता म्हणायची, "अवो, भांडणच ऐकायचं तर तबकडी कशाला पायजे, मी हाय की." पर गाणं लागलं की तिचा हात थांबायचा, ह्ये बी खरं.

गेली बिचारी. साधा ताप, साधा ताप म्हणत गेली.

दशक्रियेला घाटावर आमचं सगळं राजुरी गाव, पेठचं पावणं. श्रद्धांजलीची भाषणं झाली, एकानं तर तिचं नावच चुकवलं, आन् पिंड ठेवला. कावळा येईना. समोर बाभळीवर बसलाय, मान वाकडी करून बघतोय, पर खाली उतरंना. म्हंजे काय, तर गेलेल्याची इच्छा ऱ्हायली. मग कुणी म्हंतं, "गाय सांभाळतो म्हणा." म्हटलं. "नातवाला शिकवतो म्हणा." ते बी म्हटलं. ऊन डोक्यावर आलं. तवर मेव्हणा दादाभाऊ, नेमका माईकजवळ, म्हंतो कसा, "दाजी, अक्काचा जीव त्या तबकड्यांत आडकलाय. देऊन टाकतो म्हणा." अख्खा घाट माझ्याकडं बघायला लागला. आरं पण कावळ्याला तबकडीतलं काय कळतं? तरी हात जोडलं, म्हणलो, "शीले, देतो बाई समद्या देऊन." आन् उतरला की वो तो. शिवला. बायका रडल्या, मी बी लई रडलो. तबकड्यांसाठी न्हाई... तिचं मन माझ्यावर एवढं खट्टू व्हतं आन् मला त्याचा पत्ताच न्हाई, म्हणून.

घरी येऊन खोकी बांधली. दादाभाऊ पिकअप आणतो म्हणला. तर लेक वृषाली आडवी आली, "आप्पा, ही कुठं निघाली? आई दवाखान्यात म्हणली व्हती, तुझ्या आप्पाच्या तबकड्या कुणाला देऊ देऊ नको, घरात तेवढाच आवाज ऱ्हाईल. घाटावर मी मनात त्येच कबूल केलं, म्हणून तर कावळा उतरला."

म्हटलं, "तू कवा कबूल केलंस?"

"तुमी मोठ्यानं बोललात ना, तवाच."

घ्या. आता कावळा कुणाच्या शब्दाला उतरला, ते इचारायचं कुणाला? एकदा त्या बाभळीखाली जाऊन बसलो बी, तर तो माझ्याकडं बघून उडून गेला. त्याला तबकडीतलं काय कळतं... द्यावं तर लेकीचा शब्द मोडतो, ठेवावं तर घाटभर माणसांत दिलेला माझा. म्हणून खोकी तशीच दारात, ना आत ना बाहेर. येता-जाता पाय आडखळतो. आन् "अवो, आधी ती वाटंतनं उचला" म्हणून वरडायला घरात कुणी न्हाई.