महालक्ष्म्यांचा चार्ट

(सन २०१७, ऑगस्ट. बीड जिल्ह्यातलं एक ग्रामीण रुग्णालय, बायकांचा वॉर्ड, सकाळचे अकरा. इन्चार्ज वनमालाबाई एकतीस तारखेला निवृत्त होणार. चार्ज पंचशीला सिस्टरकडे जाणार.)

वनमाला : हे काय लिहिलंस? एकोणतीस, तीस, एकतीस. सकाळी पंचशीला, दुपारूनबी पंचशीला. ड्युटीचा चार्ट हाय का शिक्षा?

पंचशीला : महालक्ष्म्या आहेत बाई. सगळ्यांना सुट्टी पाहिजे. आमच्या घरी बसत नाहीत. मग उरलं कोण?

वनमाला : आधी खाली बस.

पंचशीला : बसवत नाही. तीन नंबरचं सलाइन संपत आलंय.

वनमाला : ते शिवकन्या सिस्टरचं काम हाय.

पंचशीला : सांगत बसण्यापेक्षा करून टाकलेलं बरं. खरं सांगू? खिशात अर्ज आहे. मला चार्ज नको.

वनमाला : कावून?

पंचशीला : मागच्या महालक्ष्म्यांना अठ्ठावीस पेशंट आणि मी एकटी. सात नंबरच्या बाळंतिणीचं रक्त जात होतं, मला अर्ध्या तासानं कळलं. वाचली ती. पण मी अजून त्या कॉटकडं बघत नाही. आता तोच चार्ट मी माझ्या हातानं लिहू?

वनमाला : मग तसा लिहू नको.

पंचशीला : तुम्ही अकरा वर्षं तसाच लिहिलात.

वनमाला : ...लिहिला.

शिवकन्या : (आत येत) सिस्टर, माझी सुट्टी टाकली ना? तीन दिवस बरं का! सासूबाईंनी आत्तापासून डबे उतरवलेत. तुमचं बरंय बाई, ना मुखवटे, ना पुरण, ना सोळा भाज्या.

पंचशीला : हो, टाकते...

वनमाला : थांब. तिला सुट्टी किती दिसाची ते इचारू नको. घरी किती वाजता लागतीस, ते इचार.

पंचशीला : ...किती वाजता लागतेस गं, घरी?

शिवकन्या : म्हणजे? दिवसभर!

पंचशीला : नैवेद्य कधी असतो?

शिवकन्या : दिवेलागणीला. पण पुरण—

पंचशीला : पुरण कधी घालता शिजायला?

शिवकन्या : दुपारून.

पंचशीला : मग तीसला सकाळी आठ ते दोन ये. घर दोन गल्ल्यांवर आहे तुझं. आदल्या दिवशी सुट्टी, दुसऱ्या दिवशी सुट्टी.

शिवकन्या : जेवणाच्या दिवशी ड्युटी? दरसाल तर तुम्हीच असता!

पंचशीला : दरसाल मीच. म्हणून यंदा दोघी.

शिवकन्या : वनमालाबाई, बघा ना ह्या काय म्हणतात!

वनमाला : माझ्याकडं काय बघतीस? चार्ट तिचा हाय. तीन नंबरचं सलाइन बघ.

शिवकन्या : बघते. अजून खुर्चीला पाठ टेकली नाही, तर इतका रुबाब!

पंचशीला : गेली रागानं. नाही म्हणणं फार जड जातं मला.

वनमाला : मलाबी लई जड जायचं. म्हणून मी सोपं केलं, तुझं नाव लिहून टाकलं. तू कुनाला बोलणार न्हाईस, ठाऊक होतं मला.

पंचशीला : तीसची दुपार अजून रिकामी आहे. बाकीच्या दोघी सिस्टर, मनिषा आणि कौशल्याबाई, त्यांचाही नैवेद्य संध्याकाळीच.

वनमाला : माझ्या घरचा बाराला होतो.

पंचशीला : तुमच्या नोकरीतल्या शेवटच्या महालक्ष्म्या बाई! तुमचं नाव मी कसं लिहू?

वनमाला : शिवकन्येचं लिहिलं तसं. अन् पेन्सिल ठेव ती. पेनानं लिही.

(आठ वर्षांनंतर, लिंबागणेशला, वनमालाबाईंच्या घरी.)

वनमाला : बस की गं. अजूनबी तुझा पाय ठरत न्हाई.

पंचशीला : आता थोडी बसते. तुमचे गुडघे?

वनमाला : हायेत जागेवर, एवढंच. बाकीच्या कुठंयत?

पंचशीला : मनिषा बदलून दिंद्रुडला गेली. कौशल्याबाई रिटायर होऊन लेकीकडं. शिवकन्या आहे वॉर्डात, तिला चार्ट शिकवते. माझ्यानंतर तीच.

वनमाला : अन् तो अर्ज?

पंचशीला : अॅप्रनबरोबर धुतला गेला.

वनमाला : पंचशीला, तुझ्या चौदा एप्रिलला मी तुला कितीदा सुट्टी दिली?

पंचशीला : दोनदा.

वनमाला : अकरा वर्षांत.

पंचशीला : जाऊ द्या बाई. यंदा एप्रिलचा चार्ट शिवकन्येनं लिहिला.

वनमाला : मग?

पंचशीला : पेन हातात घ्यायच्या आधी आली माझ्याकडं. म्हणाली, "सिस्टर, चौदाला तुम्ही घरी किती वाजता लागता?"